मुंगीचं जेवण

बटाट्यावर करपा पडला नसता तर मुंगीची आई त्या महिन्यात घरी आलीच नसती. नवऱ्याचा फोन आला तेव्हा ती शहरात कामाला होती त्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर मालकांच्या बाळाचे कपडे वाळत घालत होती. तो म्हणाला, "पानं काळी पडलीत. आठ-दहा दिवसांत काढले नाहीत तर जमिनीतच सडतील. मला आणि आईला उरकणार नाही." मग म्हणाला, "आणि मुंगी जेवत नाही."

"जेवत नाही म्हणजे?"

"तू ये तर खरं."

मालकीणबाईंनी तोंड वाकडं करून का होईना, पंधरा दिवसांची रजा दिली. ती गाडीतून उतरली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. रस्त्यापासून घरापर्यंत आपलंच शेत. बांधावर पाऊल ठेवलं तोच वास नाकात शिरला, ओल्या चिंधीसारखा, कुजका. पाला जळाल्यासारखा आडवा झाला होता. तिनं चालता चालता वाकून एक झाड उपटलं. चार बटाटे आले, त्यातला एक बोटात दाबला गेला आणि फुटला. हात पदराला पुसत ती घराकडे निघाली आणि मुंगीचं रडणं ऐकून पळायलाच लागली.

सासू उंबऱ्यावर पाय लांब करून बसली होती. मुंगी तिच्या मांड्यांवर आडवी. पोरीचे दोन्ही हात म्हातारीनं काखेत दाबून धरले होते. एका हातानं नाक दाबायचं, श्वासासाठी पोरीनं तोंड उघडलं की दुसऱ्या हातानं पेजेचा चमचा आत रिता करायचा. पोर गुदमरायची, खोकायची, अर्धं बाहेर यायचं. दाराशी मुंगीचा बाप भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"आई, हे काय चाललंय?"

सासूनं वर पाहिलं नाही. "आलीस? बरं झालं. हिचे पाय धर. लाथा मारते."

आणि तिनं धरले. का धरले ते तिला पुढं कधीच सांगता आलं नाही. सात वर्षं या घरात सासू म्हणाली धर, की धरायचं आणि ओत म्हणाली की ओतायचं, अशी हातांना सवय होती. अकरा महिन्यांनी लेकीला पहिला हात लावला तो असा. हातात आले ते पाय वाळल्या काटक्यांसारखे होते, हाड तेवढं लागत होतं.

चौथ्या चमच्याला सगळं उलटून पडलं. पेज, दूध, पाणी, सासूच्या लुगड्यावर आणि तिच्या हातांवर. सासूनं कपाळावर हात मारून घेतला. मुंगी हुंदके देत उठली, समोर बसलेल्या अनोळखी बाईकडे एकदा पाहिलं आणि ज्या हातांनी कोंबलं होतं त्याच हातांत शिरून म्हणाली, "आई."

यात कोणाची चूक नव्हती. घरात सगळेच म्हातारीला आई म्हणायचे. मुंगीचा बाप म्हणायचा, सून म्हणायची, दूध न्यायला येणाराही म्हणायचा. पोर दुसरं काय शिकणार? आणि जिला खरी म्हणायची ती चौदा महिन्यांची लेक टाकून गेली होती. मळणीच्या यंत्रात नवऱ्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली, त्यानंतर घरातल्या कोणीतरी कमवायला जायलाच हवं होतं. दुसऱ्याचं मूल सांभाळायची नोकरी मिळाली, ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुंगीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. नर्सबाईनं झोळीत घालून काट्याला टांगलं. "दोन वर्षं उलटली आणि आठ किलो? आई कुठं होती इतके दिवस?"

मागच्या बाकावरच्या बायकांनी माना वर केल्या. तिनं खाली बघत सांगितलं, "कामाला."

नर्सबाईनं घसा पाहिला, पोट दाबून पाहिलं. थंडीत ताप आला होता तेव्हा औषधाची पूड पेजेत कालवून पाजली होती, तेव्हापासून पोरीनं तोंड मिटलं, हे ऐकून घेतलं. मग आवाज जरा उतरला. "घशात काही खोट नाही. तिला जेवणाचीच भीती बसलीय. आधी ते कोंबणं बंद करा. दहा दिवसांनी परत काट्यावर आणा. वजन उतरलं तर मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल."

यातलं नवीन काहीच नव्हतं. शहरातल्या घरातलं बाळही असंच होतं. ताट दिसलं की खुर्चीत ताठ व्हायचं. त्याच्यासाठी एक डॉक्टरीण घरी यायची, पांढऱ्या फरशीवर मांडी घालून बसायची आणि हिला शिकवायची. चमचा घेऊन मागे लागायचं नाही. आपण सोबत बसून जेवायचं. त्याच्यापुढं थोडंसंच ठेवायचं, त्याच्या हातानं चिवडू द्यायचं, सांडू द्यायचं. खा म्हणायचं नाही, शाबास म्हणायचं नाही. अर्ध्या तासानं न रागावता ताट उचलायचं. चार महिने तिनं ते केलं आणि ते पोर जेवायला लागलं. सगळं तिला तोंडपाठ होतं. फक्त केलं होतं लोकांच्या लेकरासाठी.

घरी येऊन तिनं सासूला सांगितलं. सासू कुदळीला दांडा ठोकत होती. तिनं हातातला दगड खाली ठेवला.

"म्हणजे ताट ठेवायचं आणि गप्प बसायचं?"

"हो."

"ती नाही म्हणाली तर उचलायचं?"

"हो, आई."

"आठ किलोचं पोर ते! वाऱ्यानं उडेल एखाद दिवशी. तू तिथं लोकांची पोरं भरवतेस आणि इथं येऊन मला शिकवतेस? अकरा महिने कोणी जगवलीय तिला?"

मुंगीचा बाप गोठ्यातून बाहेर आला आणि म्हणाला, "आई, आठ दिवस तिच्या मनानं होऊ दे." आईपुढं तो एवढं बोलला हेच खूप झालं. म्हातारीनं आत जाऊन चमचा फळीवर आदळला. "होऊ दे. काही झालं तर माझ्या नावानं रडू नका."

काढणी सुरू झाली. उजाडायला तिघं शेतात. सासू वरंब्याला कुदळ घालायची, ती मागून माती उलथवून बटाटे वेचायची, नवरा भरलेली टोपली डाव्या हातानं उचलून उजव्या कोपराच्या खोबणीत अडकवायचा आणि बांधावर नेऊन ओतायचा. तिथं चांगले वेगळे, डागी वेगळे, सडलेले वेगळे. दर तीन टोपल्यांतली एक सडक्यांची. दुपारपर्यंत कंबर ताठ होऊन बसायची, नखांत माती आणि तो कुजका वास. शेजारच्या शेतातला म्हातारा बांधावरून विचारायचा, "किती वाचले?" नवरा म्हणायचा, "आमच्यापेक्षा जास्त," आणि दोघं हसायचे. रडून तरी काय मिळणार होतं?

मुंगीला सरीत गोणपाट अंथरून बसवलेलं असायचं. ती माती चिवडायची. दुपारी तिच्यापुढं वाटीत चार शितं, बटाट्याची फोड, अंड्याचा तुकडा ठेवलेला असायचा. पहिल्या दिवशी तिनं वाटी पाहिली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. दुसऱ्या दिवशी वाटीकडे पाठ केली. दिवसाकाठी पेल्यातलं घोट-दोन घोट दूध, तेही कोणी बघत नसेल तेव्हा. अर्धा तास झाला की मुंगीची आई वाटी उचलायची आणि उरलेली शितं मोजायची. शहरातल्या त्या घरात तिनं कधी मोजली नव्हती. ते पोर बाळसेदार होतं, चार दिवस नसतं जेवलं तरी चाललं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी नवरा पोती शिवायला दोरा आणायला गेला होता. दोघी सासवा-सुना बांधावर बटाटे निवडत होत्या. सासू दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती. एकाएकी म्हणाली, "याच्या आधी मला एक होता."

"कोण?"

"मुलगा. याचा थोरला. याला ठाऊक नाही, कुणी सांगितलंच नाही." तिनं एक बटाटा पालथा करून पाहिला आणि सडक्यांत टाकला. "तोही असाच तोंड मिटायचा. मी सोळा वर्षांची. मला काय कळत होतं? सगळे म्हणाले, भूक लागली की खाईल, तू वाट बघ. मी बघितली वाट."

तिचे हात चालूच होते, चांगला, डागी, सडका.

नाक दाबून चमचा ओतणाऱ्या त्या हातांकडे सून बघत राहिली. मनात आलं, आपणही वाटच बघतोय की. उद्या जर हिचं खरं झालं तर? ती म्हणाली, "आई, एक विचारू? मुंगीनं तुम्हाला जेवताना कधी पाहिलंय?"

"म्हणजे?"

"तुम्ही सगळ्यांचं उरकल्यावर चुलीपुढं पाठमोऱ्या बसून खाता. हे खातात गोठ्यात. तिला वाटत असेल, जेवण म्हणजे आपल्या एकटीलाच होणारी शिक्षा. नुसती वाट नको बघायला. तिच्याबरोबर जेवू या, सगळे."

"पोरासमोर? तोंड हलवत बसू?" म्हातारी लाजली. त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर लाज पाहून सुनेला हसू आलं आणि मग सासूलाही आलं.

चौथ्या दिवशी त्यांनी वाळला पाला गोळा करून पेटवला आणि निखाऱ्यात बटाटे पुरले. चौघं गोणपाटावर बसली. नवऱ्यानं बटाटा फोडला, वाफ निघाली. सासूनं पदर पुढं ओढला आणि एक घास तोंडात घालून घाईघाईनं चावायला लागली. तिच्या चारच दाढा उरल्या होत्या, बटाटा या गालातून त्या गालात फिरत होता. मुंगी टक लावून आजीच्या जबड्याकडे बघत होती. असं काही तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

बघता बघता तिचा हात समोरच्या फोडीवर पडला. कोमट होती. तिनं ती चुरली, मुठीत धरली, केसांना फासली. कोणी काही बोललं नाही. मग पोरीनं हात तोंडापाशी नेला आणि बोट चाटलं.

"खाल्ल...!" म्हातारी ओरडणार तोच मुंगीच्या बापानं पायानं तिचा पाय दाबला. म्हातारीनं उरलेल्या बटाट्यानं सगळं तोंड भरून घेतलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती चावत होती.

त्या दिवशी एक बोट. दुसऱ्या दिवशी तीन वेळा. सहाव्या दिवशी एक आख्खी फोड तोंडात गेली, बराच वेळ गालात राहिली आणि गिळली गेली. तेव्हा मुंगीच्या आईनं आपलं तोंड हलवत सहज विचारलं, "माझा घास कुठं गेला?" आणि स्वतःच्या पोटावर थाप मारली. मुंगी बघत राहिली. सातव्या दिवशी पोरीनं आपला शर्ट वर केला आणि आपल्या बेंबीवर थाप मारून दाखवली. हसली. खालचे दोन दात जरा वाकडे आले होते, ते आईला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

अजून मुंगी तिला काही हाक मारत नव्हती. पण आता सरीतून उठून तिच्या पाठीला टेकून बसायची. वाकून वेचताना पाठीवर तेवढा भार घ्यायला तिला बरं वाटायचं. कंबर मोडायची तरी ती सरळ व्हायची नाही.

नवव्या दिवशी दुपारी गोणपाट अंथरलं होतं आणि फोन वाजला. मालकीणबाई होत्या. आवाज रडवेला.

"अगं, चार दिवस झाले, हा तोंडाला काही लावत नाही. नवीन बाई ठेवली, तिला बघून किंचाळतो. तुझ्याशी बोलला तर खाईल बघ. हे घे, त्याच्या कानाला लावते."

तिकडून हुंदके आले. त्या हुंदक्यांची तिला ओळख होती, कुठल्या हुंदक्यानंतर ते पोर शांत होतं हेही माहीत होतं. ती उठून उभी राहिली. आवाज नीट येत नव्हता म्हणून दुसऱ्या कानावर हात ठेवून पाठमोरी झाली, चार पावलं पुढं गेली आणि तिच्या तोंडून तो लाडिक स्वर आपोआप निघाला.

"अगं बाई, कोण रडतंय? माझा राजा रडतोय? राजानं मऊ मऊ भात घेतला का? घेतला? अरे, माझा घास कुठं गेला? कुठं गेला घास?"

मागं गोणपाटावर मुंगीनं मान वर केली. शर्ट वर केला. पोटावर थाप मारली.

आईची पाठच होती. "कुठं गेला? आणखी एक घे बरं. आता हा कुठं गेला?"

मुंगीनं परत थाप मारली, या वेळी जोरात. तोंडभर हसू घेऊन ती त्या पाठीकडे बघत होती. तिसऱ्यांदा विचारणं झालं तेव्हा तिचा हात वर उचललेलाच राहिला. मग तिनं शर्ट खाली ओढला, गालातली फोड जिभेनं बाहेर ढकलली आणि तोंड मिटून घेतलं.

मुंगीच्या बापानं ते सगळं पाहिलं.

फोन संपला. मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "खाल्लं गं, चार घास खाल्ले! तू परवापर्यंत ये. नाहीतर आम्हाला दुसरी कायमची बघावी लागेल, आमचाही नाइलाज आहे." ती वळली. नवऱ्याचा चेहरा पाहिला, गोणपाटावर पडलेली ओली फोड पाहिली आणि काय झालं ते तिला सांगावं लागलं नाही.

पलीकडच्या बांधावर पोत्यांची रास होती. मागच्या वर्षीच्या निम्मीही नव्हती.

"जाऊ नकोस म्हणायला मला तोंड नाही," नवरा म्हणाला.

ती खाली बसली. बोटांवरची माती खरवडत राहिली. "एक सांगू? रागावू नका. मला त्या पोराचीही आठवण येते. इथं आल्यापासून रोज येते." मग म्हणाली, "खेळ त्याचाच होता. मी हिला त्याचा उष्टा दिला."

नवऱ्यानं तुटका हात तिच्या गुडघ्यावर ठेवला.

संध्याकाळी मुंगीनं तिच्या हातचं दूधही घेतलं नाही. सासूच्या शेजारी सरकली आणि सासूच्या ताटातला भात चिमटीनं उचलून खायला लागली. चार शितं, आणखी चार शितं. म्हातारी गोंधळून सुनेकडे बघायला लागली, जणू आपण काही चोरलंय.

"बघू नका माझ्याकडे," ती हळूच म्हणाली. "तुम्ही जेवा."

मग उरलेल्या दीड दिवसात तिनं सासूला शिकवलं, जे डॉक्टरणीनं तिला चार महिन्यांत शिकवलं होतं ते. ताटात किती वाढायचं. पोरीनं मान फिरवली की आपण काय करायचं. दिवसभर नुसतं दूध पाजून भूक मारायची नाही. ताप असेल, ठसका लागला, तर सरळ नर्सबाईकडे. सासू ऐकून घ्यायची, पण जेवायला बसलं की तिचे हात उठायचे. "माझं डोकं ऐकतं गं, हे हात ऐकत नाहीत," ती म्हणाली आणि शेवटी दोन्ही तळवे आपल्याच मांड्यांखाली दाबून बसली. "आता उठा म्हणावं." मुंगीलाही त्याची गंमत वाटली. तीही आपल्या हातांवर बसली आणि मग जेवायचं कसं, ते न कळून आजीकडे बघायला लागली. सगळी हसली. सून स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून हसत होती. आता ती पंगतीत बसत नव्हती. ती बसली की पोर तोंड मिटत होती.

अकराव्या दिवशी दुपारची गाडी होती. जाण्याआधी ती मुंगीला दवाखान्यात नेऊन आली. काटा आठ किलो दोनशेवर थांबला. नर्सबाई म्हणाली, "चला, उतरलं तर नाही. असंच चालू ठेवा बाई, आता मध्ये सोडू नका." तिनं मान हलवली.

तिनं पिशवी भरून दाराशी ठेवली. अंगणात सासू आणि मुंगी जेवायला बसली होती. मुंगीपुढं अर्धं अंडं, भात, बटाटा. अंड्यातलं पिवळं बोटानं उकरून ती चाखत होती. पाठ दाराकडे, मानेवर लव, मानेच्या खळग्यात मातीचा डाग. काल अंघोळ घालताना तो राहून गेला होता.

तिला वाटलं, जाऊन उचलून घ्यावं. एकदाच. मानेवरचा डाग पदरानं पुसावा, छातीशी धरावं, रडली तर रडू द्यावं. सासूनं तिच्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच बोलावलं, ये, घे तिला. तळवे अजून मांड्यांखालीच होते.

मुंगीनं पिवळं संपवलं आणि हात भाताकडे नेला.

तिनं सासूला मानेनंच नाही म्हटलं. पिशवी उचलली आणि समोरच्या दारानं न जाता गोठ्यातून, मागच्या अंगाला बाहेर पडली. गाय हंबरल्यावर ती जागच्या जागी थांबली. अंगणातून रडण्याचा आवाज आला नाही. मग ती निघाली.

नवऱ्यानं रस्त्यापर्यंत पिशवी कोपराच्या खोबणीत धरून नेली. काढून झालेल्या वरंब्यांवर कावळे उतरले होते. रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला, "सांगून तरी यायचंस तिला."

"जेवत होती," ती म्हणाली.

गाडी आली. त्यानं फडक्यात बांधलेले दोन उकडलेले बटाटे तिच्या मांडीवर ठेवले. पहाटेपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं, ते त्याच्या लक्षात होतं. गाडी सुटली. वळण गेलं, शेत मागं पडलं. तिनं फडकं सोडलं, बटाटा सोलला, एक घास घेतला. तो तोंडातच राहिला. चावून मऊ झाला, तरी खाली उतरेना.

शेजारी बसलेली बाई थोडा वेळ बघत होती. मग मायेनं म्हणाली, "खा गं बाई, गार होतंय. लांब जायचंय ना?"

तिनं मान डोलावली. तोंड तिनं उघडलं नाही.